चाखताना बोलायचं नाही

आत्यांनी परातीतल्या ढिगात तीन बोटं घातली, चटणीची चिमूट उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चाख. बोलायचं न्हाई."

समोर सात-आठ बायका डबे घेऊन बसलेल्या. मी चिमूट जिभेवर टाकली. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांकडे नव्हे, जरा खाली, ओठांकडे. मग त्यांनी स्वतःसाठी दुसरी चिमूट घेतली, भिंतीकडे वळून पदराआड तोंडाशी नेली, पेल्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि निकाल दिला.

"मीठ मूठभर कमी हाय. टाका, आन् अजून एक फेरा मारू."

जिची चटणी होती ती बाई लगेच मिठाची पुडी सोडायला लागली. सोडता सोडता माझ्याकडे वळून म्हणाली, "शिकतीया का न्हाई सून?"

"हिला काय कळतंय," आत्या म्हणाल्या. बायका हसल्या.

मी चाळण उचलून मागं गेले. मीठ मलाही कमीच लागलं होतं. पण बोलायचं नव्हतं ना.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्याच्या अलीकडच्या एका बाजारगावात आमचा चटणी कांडायचा डंक होता, अजूनही आहे. विजेवर वर-खाली नाचणारी लोखंडी मुसळं, खाली उखळं, आणि चहूकडे लाल धूळ. होळी झाली की पंचक्रोशीतल्या बायका वर्षाच्या चटणीचं सामान भाजून-तळून घेऊन येत: मिरच्या, धणे, खोबरं, तीळ, लसूण, कांदा. कांडून सगळीकडेच मिळतं. आमच्याकडे त्या येत ते आत्यांच्या जिभेसाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई शिंगटे. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. शेवटच्या फेऱ्याआधी त्यांनी चाखून 'झाली' म्हटल्याशिवाय कुणी डबा भरत नसे. सासरे गेल्यावर या बाईनं एकटीनं डंक चालवला तो जिभेच्या जोरावर, असं गावात सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं.

मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात आत्यांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं आणि चाखायला लावलं. नियम एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. मला वाटे, ही परीक्षा आहे आणि मी रोज नापास होते आहे. शाळेतसुद्धा नापास झाल्यावर निदान उत्तर काय होतं ते सांगत.

मी माहेरी निघाले की डंकाचा पट्टा तुटायचा. हे आणखी एक. मी परत येईपर्यंत डंक बंद, बायका तिष्ठत, आणि आल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, जणू मीच कात्री घेऊन गेले होते. माझे पती निवास साखर कारखान्यात पाळीवर असत. त्यांना सांगितलं तर म्हणत, "आईला तुझ्याशिवाय करमत न्हाई." मला ते गोड वाटण्याऐवजी चीड यायची.

पण या सगळ्यापेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं. आत्यांनी तिखट सोडलं होतं. चटणीच्या डंकाची मालकीण आणि रोज दूध-भाकरी खायची. सगळ्यांच्या जेवणानंतर, स्वयंपाकघरात, एकटी. गावाला ठाऊक होतं की हौसाबाईनं नवस बोललाय, नातवाचं तोंड दिसेपर्यंत तिखटाला शिवणार नाही. डंकावर चाखतात ते तेवढं धंद्यापुरतं, आणि त्याचीही चूळ भरून टाकतात. माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. बायका आधी आत्यांच्या दूध-भाकरीबद्दल हळहळत आणि मग माझ्या पोटाकडे बघत. शेवंताकाकी म्हणून एक होत्या, त्या तर चारचौघींत म्हणायच्या, "किती दिस सासूला उपाशी ठेवायची गं, उज्ज्वला?" मी हसून चाळण हलवत राही. डंकावर एक सोय चांगली असते, डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.

आत्यांनी एकदाही मला त्यावरून टोचलं नाही, हे खरं. पण त्यांचं ते ताटच टोचायला पुरेसं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऐन चैत्रात, दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तर आत्या पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात दुधात पार विरघळलेली भाकरी. एक घास गिळताना त्यांनी चुलीचा कट्टा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे गच्च मिटले. गालांवरून पाणी ओघळत होतं. दूध-भाकरी गिळताना कुणी असं रडतं का? मी विचारलं, काय झालं. त्यांनी हातानंच सांगितलं, काही नाही. बोलायला गेल्या तर शब्द बोबडा आला.

मी कोनाड्यातली बॅटरी आणली आणि म्हटलं, तोंड उघडा. नको-नको म्हणत होत्या, पण त्या दिवशी अंगात तेवढाही जोर नव्हता. जिभेच्या कडेला, खालच्या ओठाच्या आत, गालाला पांढरट खड्डे पडले होते. एक तर हरभऱ्याएवढा, भोवती लालबुंद.

"त्वांड आलंय," त्या कशाबशा म्हणाल्या. "उनाळा हाय. जाईल."

खरं सांगायचं तर मला आधी थोडं बरं वाटलं. दोन वर्षं माझी परीक्षा घेणाऱ्या बाईची जीभ बंद पडली होती. मग त्यांची मान पदराखाली किती बारीक झाली आहे ते दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली.

गावातल्या डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या दिल्या. चार दिवसांनी पुन्हा नेलं तेव्हा ते म्हणाले, सांगलीला दातांच्या डॉक्टर आहेत, ऐनापुरे बाई, त्या अशा तोंडावर लेसर करतात, दाखवून या. लेसर म्हटल्यावर आत्या घाबरल्या. मला बाजूला घेऊन विचारलं, "जाळत्यात व्हय?" मी म्हटलं, मला काय माहीत, पण तुम्ही अशा उपाशी राहिलात तर खरंच जाळायला न्यायची वेळ येईल. त्यावर त्या पिशवी भरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंकाला कुलूप लावताना शेजारीण म्हणाली, आज बंद का? आत्यांनी मला कोपर मारलं.

"पट्टा तुटलाय," मी म्हटलं. पट्टा आतमध्ये धडधाकट होता. आदल्याच महिन्यात निवासनी नवा घातला होता. एसटीत बसल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हा पट्टा आजवर खरंच किती वेळा तुटला असेल?

ऐनापुरे बाई माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. शांत होत्या. आत्यांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा घालून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, किती दिवस झाले?

"आठ दिस," आत्या म्हणाल्या.

बाईंनी आरसा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मावशी, हे आत्ताचे फोड आठ दिवसांचे असतील. पण इथं जुने वण आहेत, बरेच. मला खरं सांगितलं नाही तर मशीन काय करणार?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू भाईर बस जा."

मी उठायला लागले, पण बाईंनी मला थांबवलं. घरी पथ्यपाणी बघणारं माणूस समोर असलेलं बरं, असं म्हणाल्या. मग त्या हातमोजे नीट करत बसल्या, घाई न करता. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. आत्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन महिने?"

"दोन सालं," आत्या म्हणाल्या. "हिच्या हळदीदिवशी पयला फोड आला. एक बसंस्तवर दुसरा. मधी पंदरा दिस बरं, परत हायेच."

बाईंनी विचारलं, तिखट खाता?

"जिबंला लावलं न्हाई."

"चव कळते?"

"आग हुती नुसती. चव कसली कळतीय."

मी भिंतीला टेकून उभी होते. आधी मला एवढंच कळलं की आत्या इतके दिवस खोटं बोलत होत्या. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसायला लागली. भिंतीकडे वळून तोंडाशी नेलेली चिमूट आणि चूळ. मी माहेरी गेले की तुटणारा पट्टा. परसातली जाई खालून नेहमी बोडकी असायची आणि मी शेजारच्या शेळीला शिव्या घालायचे. तोंड आल्यावर जाईचा पाला चघळतात, हे माझ्या आजीनंच मला सांगितलेलं. आणि ते माझ्या ओठांकडे बघणं. मीठ कमी असलं की मी ओठ चाटते, हे मला त्या दिवशी, त्या खोलीत कळलं. धणे जळले असले की माझी डावी भुवई आक्रसते. दोन वर्षं त्या माझं तोंड वाचून निकाल देत होत्या. बोलायचं न्हाई, कारण बोलले असते तर बायकांना ऐकू गेलं असतं. हिला काय कळतंय, असं म्हणून माझ्याच जिभेवर डंक चालला होता.

बाईंनी आत्यांना हिरवट काचांचा जाड चष्मा चढवला, मलाही एक दिला. नऊवारी, कपाळावर गोंदण आणि डोळ्यांवर ते चष्म्याचं भिंग. एरवी मी पोट धरून हसले असते. पेनासारख्या नळीच्या टोकाला लाल ठिपका होता. बाई एकेका फोडावर ती नळी फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत. आधी सांगितलंच होतं त्यांनी की जाळत नाही, जरा ऊब लागेल. दहाएक मिनिटांत झालं. आत्यांनी जीभ आतल्या आत फिरवून पाहिली आणि पाणी मागितलं. ग्लासभर पाणी कुठंही न थांबता प्यायल्या. मग रिकामा ग्लास हातात धरून बसून राहिल्या.

बाईंनी नीट समजावलं. यानं दुखणं कमी होतं, फोड लवकर भरतात. पण पुन्हा येणारच नाहीत, असं कुणी सांगू शकत नाही. रक्त तपासा, अंगात काय कमी आहे ते बघू. आठवडाभर तिखट, गरम काही नको. अजून दोनदा यायचं. आणि तोंडातलं काही दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही तर घरी बसायचं नाही, दाखवायचं. "दोन वर्षं, मावशी," त्या म्हणाल्या. "कसं सोसलंत?"

सोसलं कुणी कुणी, ते बाईंना काय ठाऊक.

परतीच्या एसटीत तासगाव मागं पडलं. राग इतका होता की कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "नवस बोलला हुता का न्हाई?"

"न्हाई."

"मग?"

त्या खिडकीबाहेर बघत सांगत गेल्या, तुकड्या-तुकड्यानं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला कुणीतरी पुढ्यात झणझणीत मटकी ठेवली. त्यांनी वाटी सरकवली. शेवंतानं विचारलं, नवस हाय का काय नातवाचा? त्यांनी नुसती मान हलवली. एवढंच. तोंड आलंय म्हणायचं म्हणजे जीभ गेली म्हणायचं, आणि स्टँडजवळ नवा डंक नुकताच सुरू झालेला. दोन दिवसांत बरं वाटेल, मग बघू, असं म्हणता म्हणता मान हलवलेली ती हलवलेलीच राहिली. गावानं नवस वाढवला, त्यांनी तो पाळला.

"एक डाव मान हलवली तुमी," मी म्हटलं. "आन् दोन सालं बायका माझ्या पोटाकडं बगत्यात."

"ठावं हाय मला."

"ठावं हुतं तरी?"

त्या म्हणाल्या, "तुझी जीब माझ्यापरीस बरी हाय. पयल्या दिशीच कळालं. म्हून भ्या वाटलं." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"जीब ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "नवसाचं सांगा सगळ्यास्नी. मला बाकी काय नगं."

"सांगितलं तर डंकावर कोन इल?"

"आन् न्हाई सांगितलं तर मी कशी ऱ्हाऊ?"

आमचा थांबा आला आणि आत्या उठून दाराकडे गेल्या. निवासना मी सगळं सांगितलं. ते आईचे पोरगे, दोन दिवस दोघींशीही जपून बोलत राहिले आणि तिसऱ्या दिवशी रात्रपाळी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात मी चिमूट घेतली नाही. आत्यांनीही पुढं केली नाही. अंदाजानं, वासावर, रंगावर त्यांनी चार-पाच चटण्या उरकल्या. त्यातली एक खारट झाली आणि बाई डबा घेऊन परत आली. आत्यांनी तिला पदरचं खोबरं घालून पुन्हा कांडून दिली. मी चाळत होते. माझ्याकडे मदत मागितली असती तर मी केली असती का, मला माहीत नाही. मागितली नाही, हे मात्र त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

सांगलीच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा आम्ही बरोबर गेलो आणि मुकाट्यानं आलो. फोड भरले. रक्तात बरंच काही कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आत्यांचे गाल जरा वर आले. डॉक्टरबाईंनी हळूहळू सगळं खायला परवानगी दिली तरी घरात त्या दूध-भाकरीच खात होत्या, आणि त्यांचं काय चाललंय हे मला ठाऊक होतं. तिखट खाल्लं की नवस फिटला म्हणायचं, नाहीतर खरं सांगायचं. मधली वाट नव्हती.

अक्षयतृतीया झाल्यावरचा सोमवार. त्या दिवशी शेवंताकाकींचा नंबर होता. पाच किलोची चटणी, भोवती बारा-तेरा बायका. निवास त्या दिवशी घरी होते, ते मोटरीपाशी. शेवटच्या फेऱ्याआधी मुसळं थांबली. एकदम शांत झालं की डंकावर सगळ्यांना हळू बोलायची सवय असते, तसं सगळे हळू बोलत होते.

आत्यांनी परातीत बोटं घातली. चिमूट उचलली आणि भिंतीकडे न वळता, पदर न घेता, सगळ्यांसमोर जिभेवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चूळ भरली नाही, गिळली.

शेवंताकाकी पुढं सरकल्या. "अगं बया. हौसा, नवस फिटला व्हय?" आणि माझ्याकडे वळून, गालातल्या गालात, "कितवा?"

तेरा बायकांच्या नजरा माझ्या पोटावर आल्या. माझ्या हातात चाळण होती, ती मी पोटाशी धरली. मी आत्यांकडे बघितलं नाही. एकदा मान हलवली की झालं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"नवस कसला," आत्या म्हणाल्या. "न्हवताच नवस. त्वांड आलं हुतं. दोन सालं आलं हुतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एका बाईनं हिशोब लावला असावा. ती म्हणाली, "मग मावशे, आमच्या चटण्या चाखल्या कुनी?"

आत्यांनी मला हात करून पुढं बोलावलं. मी गेले. त्यांनी परातीतून दुसरी चिमूट घेतली, माझा तळहात स्वतःच्या हातात धरला आणि त्यावर ठेवली.

"हिनं," त्या म्हणाल्या. "दोन सालं हिनं चाखली आन् मी सांगितलं. माज्या भ्यानं पोरीनं नाव घालवून घेतलं." मग माझ्याकडे बघितलं, या वेळी ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. "चाख. आन् बोल."

मी चिमूट जिभेवर टाकली. खोबरं, लसूण, मीठ सगळं जिथल्या तिथं होतं. मागून एक कडवट चव आली आणि माझी डावी भुवई आक्रसली असणार, कारण आत्यांच्या तोंडावर हसू येताना मी पाहिलं. डंकावर इतकी वर्षं गप्प राहिल्यावर पहिलं वाक्य कुठल्या पट्टीत बोलायचं तेच कळत नव्हतं.

"मीठ बरोबर हाय," मी म्हटलं. "धनं जळल्यात."

शेवंताकाकी उसळल्या. तीस वर्षं त्या धणे भाजत होत्या, असं कुणी म्हटलं नव्हतं, कालची पोर, वगैरे वगैरे. त्या आत्यांकडे वळल्या. "हौसा, तू सांग. तू बी चाखलीस की आत्ताच. जळल्यात का?"

आत्यांची जीभ बरी झाली होती. त्यांना चव कळली होती, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. त्यांनी पेला उचलला, पाण्याचा एक घोट घेतला.

"तिला इचार," त्या म्हणाल्या आणि उठून बाजूला सरकल्या. त्यांच्या पाटावर जागा झाली.

त्या उन्हाळ्यात काही बायका स्टँडजवळच्या डंकावर गेल्या. बऱ्याचशा परत आल्या. आत्यांना पुढंही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी तोंड यायचं. मग त्या कुणालाही न विचारता सांगलीची एसटी धरायच्या आणि जाताना शेजारणीला खणखणीत आवाजात सांगायच्या, त्वांड आलंय, लेसर करून येते. पट्टा मात्र नंतर कधी तुटला नाही. आणि शेवंताकाकी पुढच्या चैत्रात आल्या तेव्हा परात खाली ठेवायच्या आधीच मला म्हणाल्या, धणे या वेळी कमी भाजलेत, बघ.